निदानाचं शल्य

शेअरचा पैसा म्हणजे निर्मळ पैसा, अशी आपल्या समाजाची पक्की समजूत आहे. शेतीत नांगराखाली जीव मरतात, गुऱ्हाळात चुलवण पेटतं, गिरणीत धान्याबरोबर किडे भरडले जातात, हॉटेल काढलं तर रात्रीचं जेवण वाढावं लागतं. शेअरमध्ये यातलं काही नाही. मोबाइल उघडला, बटण दाबलं, संध्याकाळी परत बघितलं. म्हणून बसदीतून बाहेर पडताना चपला घालता घालता "काय आक्का, कालचं बघितलासा का, किती चढलंय!" असं म्हणायला कुणाला संकोच वाटत नाही. हेच वाक्य कुणी कत्तलखान्याच्या कंपनीबद्दल बोललं असतं तर त्याला पायऱ्यांवरच गाठलं असतं.

त्यातही रक्त-थुंकी तपासणाऱ्या कंपन्यांना आपल्याकडं जास्तच मान. दारू नाही, मांस नाही, कातडं नाही. रोग ओळखून देणं म्हणजे चार दानांतल्या औषधदानाच्या शेजारचंच काम. पुण्य आणि पैसा एकाच बटणात. आमच्या श्राविका मंडळातल्या अकरा जणींनी गेल्या चातुर्मासात भिशीचा पैसा एकत्र करून अशाच एका कंपनीचे शेअर घ्यायचं काढलं, तेव्हा त्यांच्या मनातही हेच होतं. कंपनी इथलीच, आपल्या देशातली. एका राज्य सरकारनं तिला सरकारी दवाखान्यांतल्या तपासण्यांचं काम दिलं होतं. मग तपासण्यांच्या दर्जावरून तक्रारी झाल्या, सरकारनं बिलं अडवली, कंपनी कोर्टात गेली, आणि शेअरचा भाव निम्म्यावर आला. "स्वस्तात मिळतंय आक्का. कोर्टात कंपनी जिंकली तर दुप्पट होतंय म्हणे." सगळी चर्चा या एका 'तर'भोवती चालली होती. वकील कोण, न्यायाधीश कोण, सरकार निवडणुकीच्या आधी मिटवेल का नंतर. दोन तास बोलणं झालं. त्या तपासण्या बरोबर होत होत्या का, हे कुणीच विचारलं नाही.

ते प्रकरण अजून चालू आहे. कोण खरं, कोण खोटं, हे बोलायचा मला अधिकार नाही आणि कंपनीचं नावही मी घेणार नाही. माझं भांडण कंपनीशी नाहीच. ते आपल्या हिशोबाशी आहे. चाचणी खरी होती का खोटी, या प्रश्नाला ज्या हिशोबात जागा नाही त्या हिशोबात श्राविकेनं पैसा घालू नये, असं माझं म्हणणं आहे, आणि ते मी मंडळातही बोलले. उत्तर आलं, "तुम्हाला शेअरमधलं काय कळतंय?" तर जे कळतंय ते इथं लिहिते.

संपलेलं प्रकरण घेऊ, म्हणजे कुणाची बदनामी होणार नाही आणि आकडेही सगळे उघड आहेत. माझा एक भाचा इंग्लंडात असतो. त्याच्याकडं नोव्हासाइट नावाच्या कंपनीचे शेअर होते. (त्यात त्यानं मिळवलं का घालवलं, हे तो सांगत नाही आणि मी विचारत नाही.) त्याच्यामुळं हे प्रकरण मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचत आले. कंपनी इंग्रज-फ्रेंच, पॅरिस आणि लंडन दोन्ही बाजारांत नोंदलेली. इंग्लंडातली तिची उपकंपनी प्रायमरडिझाइन, रोगजंतूंच्या पीसीआर चाचण्यांचे संच बनवणारी. जानेवारी 2020 च्या अखेरीस, म्हणजे आपल्याकडं करोना हा शब्द नीट ऐकूही आला नव्हता तेव्हा, त्यांचा करोनाचा संच बाजारात आला. 2019 मध्ये कंपनीची विक्री होती सुमारे 1 कोटी 15 लाख पौंड. 2020 मध्ये ती झाली सुमारे 27 कोटी 70 लाख पौंड. वर्षाच्या सुरुवातीला वीस पेन्सही भाव नसलेला शेअर वर्षभरात दहा पौंडांच्या पुढं गेला. म्हणजे ज्यानं हजार घातले त्याचे पन्नास हजार झाले. अशा वेळी माणसाच्या डोळ्यांवर काय येतं हे सांगायला नको.

सप्टेंबर 2020 मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्यानं या कंपनीशी चाचण्यांच्या पुरवठ्याचा मोठा करार केला. पहिल्या चौदा आठवड्यांच्या टप्प्याचीच किंमत 15 कोटी पौंडांच्या घरात. नमुन्यातून विषाणूचं आरएनए वेगळं काढायची वेळखाऊ पायरी गाळून लवकर निकाल देणारी ही चाचणी होती. एप्रिल 2021 मध्ये कंपनीनं जाहीर केलं की आरोग्य खात्याशी या करारावरून वाद झाला आहे. एका दिवसात शेअरचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाव उडाला. दिलेल्या चाचण्या करारात ठरलेल्या दर्जाच्या नव्हत्या, असं खात्याचं म्हणणं. चाचण्या चांगल्या होत्या, उलट खात्यानंच आमची बिलं अडवलीत, असं कंपनीचं. अडवलेली बिलं सुमारे 2 कोटी 40 लाख पौंडांची. 2022 मध्ये खात्यानं सुमारे 13 कोटी 46 लाख पौंड परत मागणारा दावा लावला. जानेवारी 2023 मध्ये कंपनीनं 8 कोटी 15 लाख पौंडांचा उलटा दावा लावला.

आता घरी बसलेला शेअरधारक काय करतो? तो कागद-पेन्सिल घेतो. कंपनीचे शेअर सुमारे 7 कोटी 6 लाख. कंपनी जिंकली, उलटा दावा पूर्ण मंजूर झाला, तर शेअरमागं 1 पौंड 15 पेन्स येणार. हरली तर शेअरमागं 1 पौंड 90 पेन्स जाणार. 2022 च्या अखेरीस कंपनीच्या हातात रोख सुमारे 8 कोटी 70 लाख पौंड होती, म्हणजे पूर्ण हरली तर घर विकूनही फिटणार नाही. बाजारात भाव पौंडाच्याही खाली. मग शक्यता मांडायच्या: जिंकायची इतके टक्के, हरायची इतके टक्के, तडजोडीची इतके. गुणाकार, बेरीज, आणि येणारा आकडा आजच्या भावाहून मोठा असला की घ्या.

हा हिशोब मला समजतो. चुकीचाही नाही. मी पापड-मसाल्याचा धंदा करणाऱ्या घरातली आहे, तोट्याचा अंदाज घेतल्याशिवाय धंदा करू नये हे मला कुणी शिकवायला नको. पण तो परत वाचा. त्यात न्यायाधीशाचा अंदाज आहे, वकिलाचा आहे, सरकारच्या अब्रूचा आहे. आजारी माणूस कुठंच नाही. नाकात काडी घालून घेऊन निकालाची वाट बघत बसलेली बाई त्यात नाही. तिला 'नाही' असा निकाल आला आणि रोग असला, तर ती घरी जाऊन सासूच्या अंथरुणाशी बसणार आहे. या हिशोबात तिची जागा एवढीच की ती 'दर्जाचा मुद्दा' आहे, आणि दर्जाचा मुद्दा म्हणजे टक्के थोडे इकडं का तिकडं.

चुकीच्या निकालानं काय होतं, हे त्याच देशातल्या दुसऱ्या प्रकरणात मोजलं गेलंय. ही कंपनी वेगळी, नोव्हासाइटशी तिचा संबंध नाही, हे आधीच सांगते. वुल्व्हरहॅम्प्टनला इमेन्सा नावाच्या खाजगी कंपनीची प्रयोगशाळा होती, तिच्याकडंही सरकारी तपासण्यांचं काम होतं. सप्टेंबर-ऑक्टोबर 2021 मध्ये तिथून हजारो लोकांना 'रोग नाही' असे निकाल गेले. घरच्या चाचणीत 'आहे' आणि प्रयोगशाळेच्या चाचणीत 'नाही', असं एकामागून एक व्हायला लागलं तेव्हा लोकांना शंका आली. निकाल कुठल्या आकड्याच्या वर 'आहे' धरायचा, ती रेघच चुकीच्या जागी ठेवली गेली होती. ब्रिटनच्या आरोग्य सुरक्षा संस्थेनं 2022 मध्ये त्याचा अहवाल दिला: सुमारे 39,000 चुकीचे निकाल, त्यातून अंदाजे 55,000 जादा लागणी, सुमारे 680 माणसं रुग्णालयात, वीसच्या वर मृत्यू. एक रेघ. नांगराखाली मरणारे गांडूळ आपण मोजतो, म्हणून ही माणसंही मोजायला सांगते.

परत नोव्हासाइटकडं येऊ, कारण खरी मेख पुढंच आहे. जून 2024 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात सुनावणी लागली, आणि त्याच सुमारास दोघांनी तडजोड केली. कंपनीनं आरोग्य खात्याला 50 लाख पौंड द्यायचे, दोष कबूल करायचा नाही, दोन्ही दावे संपले. मागितले होते 13 कोटी 46 लाख, मिटलं 50 लाखांवर. शेअरमागं सात पेन्स. वर आधी भरलेल्या व्हॅटपैकी सुमारे 1 कोटी 22 लाख पौंड कंपनीला परत मिळण्याची वाट मोकळी झाली. कुणी म्हणालं कंपनी जिंकली, कुणी म्हणालं सरकारनं शेपूट घातली, कुणी म्हणालं अडवलेली बिलं बुडाली त्याचं काय.

आणि चाचण्या चांगल्या होत्या का? ते न्यायालयात ठरलंच नाही. निकाल झाला असता तर एका न्यायाधीशानं दोन्हीकडचे तज्ज्ञ ऐकून, कागद बघून, काहीतरी लिहिलं असतं. ते लिहिलं गेलं नाही. करदात्याला कळलं नाही की त्याचा पैसा कशावर गेला, ज्यांच्या नाकात काडी गेली त्यांना कळलं नाही, आणि ज्यांचा या कंपनीत हिस्सा होता, म्हणजे ज्या मालक होत्या, त्यांनाही कळलं नाही. कंपनीवरचा संशय खरा ठरला असं मी म्हणत नाही. तो खोटा ठरला असंही कुणी म्हणू शकत नाही, एवढंच. तीन वर्षं हजारो लोक ज्या वादावर पैसा लावून बसले होते त्याचा मूळ प्रश्न तसाच राहिला, आणि तो राहिल्याचं कुणाला वाईट वाटलेलं मला कुठं दिसलं नाही. पैशाचा प्रश्न सुटला होता ना.

"हे परदेशातलं झालं" म्हणाल, तर एप्रिल 2020 मधलं आपलं आठवा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, चीनहून झटपट चाचणीचे संच मागवले. आयात करणाऱ्याला तो संच भाड्यासकट 245 रुपयांना पडला, परिषदेला द्यायचा भाव 600 रुपये. आपल्याला हे कळलं कसं? आयात करणारा आणि विकणारा यांचं आपसात पैशावरून आणि मालाच्या ताब्यावरून भांडण झालं आणि ते दिल्ली उच्च न्यायालयात गेलं म्हणून! न्यायालयानं सांगितलं की साथीच्या काळात खाजगी नफ्यापेक्षा लोकांचं हित मोठं, आणि भाव 400 रुपयांवर आणला. दोन-चार दिवसांतच परिषदेनं राज्यांना कळवलं की हे संच वापरू नका, परत पाठवा. निकालांत फार फरक येतोय. सरकार म्हणालं, आगाऊ पैसे दिलेले नव्हते, एक रुपयाही बुडाला नाही. रुपया बुडाला नाही हे खरं असेल. पण कोर्टात जे दोघं उभे होते ते रुपयावरूनच उभे होते. संच चालतो का नाही यावरून दोघांपैकी कुणाची तक्रार नव्हती.

आता आपल्या शास्त्राचं. मराठीत रोग ओळखण्याला निदान म्हणतात. आपल्याकडं निदान म्हणजे केलेल्या धर्माच्या बदल्यात पुढच्या भोगाची लालसा धरणं. माया, मिथ्यात्व आणि निदान ही तीन शल्यं. ती रुतलेली असली तर व्रत घेऊनही माणूस व्रती होत नाही. आर्तध्यानाच्या चार प्रकारांतही ते आहेच. निदानाच्या कंपनीवर निदान धरून बसलेला श्रावक, असा शब्दांचा खेळ करायची मला हौस नाही, पण तो भाषेनंच करून ठेवलाय.

अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत पाठ केलेत सगळ्यांनी. चोराला वाट दाखवणं, चोरीचा माल घेणं, मापात कमी-जास्त करणं, खऱ्यात खोटं मिसळणं, आणि विरुद्धराज्यातिक्रम. या शेवटच्याचा अर्थ आपण 'कर चुकवू नये' एवढाच लावतो. पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत दिलेला खुलासा काढून बघा. राज्याची घडी विस्कटलेली असते तेव्हा मोलाच्या वस्तू कमी मोलात मिळतात, म्हणून त्या मिळवायला धडपडणं, असा तो आहे. "स्वस्तात मिळतंय आक्का" हे वाक्य मी ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा तेच आठवलं. आणि मापातला खोटेपणा म्हणजे फक्त तराजूच का? चाचणी हेही मापच आहे. शंभर आजारी माणसांतली साठच ओळखणारी चाचणी पंच्याण्णव ओळखते म्हणून विकली, तर ते छटाकभर कमी भरणाऱ्या वाण्याच्या तराजूहून काय वेगळं? किराणावाल्याचा काटा आपण डोळ्यांत तेल घालून बघतो. हा काटा बघायची वेळ आली की 'ते विज्ञान आहे, आपल्याला काय कळतंय' म्हणतो.

परिग्रहपरिमाणाचं तर मी मंडळात वाचूनच दाखवलं. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्रांनी या व्रताचे जे अतिचार सांगितले त्यात अतिसंग्रह आहे आणि विस्मय आहे. प्रभाचंद्रांची टीका म्हणते, पुढं मोठा लाभ देईल म्हणून धान्य साठवून ठेवणं हा अतिसंग्रह. आणि आपण ठरल्या नफ्यात माल विकून टाकला, नंतर त्याच मालावर दुसऱ्याला जास्त मिळालं, म्हणून जीव जळणं हा विस्मय. शेअर विकल्यावर तो आणखी चढला की आपल्या घरातले पुरुष रात्री जेवत नाहीत. आता तर आपणही जेवत नाही. आठशे-नऊशे वर्षांपूर्वीच्या माणसानं हे लिहून ठेवलंय आणि आपण त्याच गाथा-श्लोकांचे अर्घ्य चढवून घरी येऊन मोबाइल बघतो.

माझ्यावर आक्षेप आले, ते टाळत नाही.

एक वहिनी म्हणाल्या, "शेअर आपण कंपनीकडून थोडंच घेतोय? दुसऱ्या कुणाकडनं घेतोय. आपला पैसा कंपनीला जातच नाही, मग कर्म कुठनं लागतंय?" हुशार बाई आहेत, आणि पहिला भाग बरोबर आहे. बाजारातला पैसा विकणाऱ्याला जातो, कंपनीला नाही. पण आपल्याकडं पाप फक्त हातानं लागत नाही. कृत, कारित, अनुमोदित. करणं, करवणं, आणि दुसऱ्यानं केलेल्यात मान डोलावणं. तेही मन, वचन, काया या तिन्हींनी. आलोचनेत रोज हे नऊ प्रकार म्हणतोच की. कंपनीनं माल कसाही दिला असो, ती खटल्यात सुटावी म्हणून देवाजवळ हात जोडणं हे अनुमोदन नाही तर काय आहे? जिनेंद्रांसमोर उभं राहून खटल्याचा निकाल मागणाऱ्या बाया मी पाहिल्यात. आणि व्यवहाराचंही सांगते: शेअर विकत घेतला की तुम्ही मालकीण होता. मतदानाचा हक्क येतो. मालकीण व्हायचं, लाभांश घ्यायचा आणि मालाबद्दल विचारलं की 'मला काय ठाऊक' म्हणायचं, हे एका तोंडानं शोभत नाही.

दुसरा आक्षेप सरकारबद्दल. "सरकार म्हणजे धुतल्या तांदळासारखं का? बिलं अडवायची, टक्केवारी मागायची, मग दर्जाचं निमित्त काढायचं." हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. सरकारी कामाची बिलं वर्ष-वर्ष रखडतात, त्यात लहान ठेकेदार मरतो, हे आपल्या बेळगावात कुणाला सांगायला नको. आपल्यातलेच कितीजण त्यात पोळलेत. पण यातून निघतं काय? सरकार खोटं असू शकतं, म्हणून तपासणी खरी होती हे जास्तच खात्रीनं बघायला हवं. बघायचंच नाही, हे त्यातून कसं निघतं? सरकारवरचा राग ही शेअर घ्यायची सबब झाली आहे. मनातून आपण एक बाजू धरतो, आणि धरलेल्या बाजूला पुढं सगळे पुरावे तिच्यासारखेच दिसायला लागतात. अनेकांतवाद आपण भाषणात जगाला शिकवतो. इथं एक भाव पडला की लगेच एकांत.

तिसरा आक्षेप मला जास्त टोचला, कारण तो एका तरुण मुलीनं घेतला. ती म्हणाली, "मावशी, आमच्या आयांच्या हातात कधी पैसा नव्हता. आता कुठं डीमॅट खातं स्वतःच्या नावावर आलंय. लगेच तुम्ही धर्म काढलात. पुरुषांना कधी विचारलं नाही." खरं आहे. पुरुषांना विचारलं नाही. बोलीच्या वेळी, पंचकल्याणकाच्या वेळी, मोठी रक्कम बोलणाऱ्याचा पैसा कुठून आला हे आजवर एकाही सभेत कुणी विचारलेलं नाही, आणि विचारायला हवं होतं. पण मुली, त्यांनी विचारलं नाही म्हणून आपणही विचारायचं नाही, ही कसली बरोबरी? खातं तुझ्या नावावर आलंय ते चांगलंच झालं. उघडावं, वाढवावं, नवऱ्याला पासवर्ड देऊ नये. फक्त त्यात जे घेतेस ते डाळ घेतल्यासारखं निवडून घे.

निवडायचं कसं, तर ते इतकं अवघड नाही. कंपनीचा वार्षिक अहवाल मोबाइलवर फुकट मिळतो. पुढची रंगीत पानं, हसणारी मुलं, अध्यक्षांचं पत्र, हे सोडून द्या. मागं हिशोबाच्या टिपा असतात, बारीक अक्षरात. त्यात संभाव्य देण्यांची टीप शोधा; कुठला वाद कुठल्या कोर्टात आहे ते तिथं लिहावं लागतं. लेखापरीक्षकानं एखाद्या गोष्टीकडं लक्ष वेधलंय का बघा. एकूण विक्रीतली किती एका सरकारवर अवलंबून आहे, येणी किती महिन्यांची थकलीत, ते बघा. मग दर्जाचं: प्रयोगशाळांना एनएबीएलची मान्यता आहे का, किती प्रयोगशाळांना आहे, मान्यता नसलेल्या ठिकाणी तपासण्या चालतात का, बाहेरून येणाऱ्या चाचणी-नमुन्यांवर त्यांचे निकाल कसे आले. हे शेवटचं बहुतेक अहवालात सापडत नाही. सापडलं नाही तर विचारायचं. विचारूनही सांगितलं नाही, तर पैसा परत भिशीत.

आमच्या अकरा जणींपैकी चौघींनी शेअर आधीच आपापल्या नावावर घेतलेत, मंडळाच्या निर्णयाची वाट न बघता. मी त्यांना विका म्हणाले नाही. विकलं तर तो शेअर दुसऱ्या कुणा बाईकडं जाणार, आणि प्रश्न परत कुणीच विचारणार नाही. एकच शेअर असला तरी वार्षिक सभेत बोलता येतं, सभा आता घरबसल्या मोबाइलवर होते, आधी नाव नोंदवावं लागतं आणि प्रश्न कंपनीच्या सचिवाकडं पाठवता येतात. मी प्रश्न लिहून ठेवलेत. वाद लागलेल्या दवाखान्यांतल्या किती तपासण्या दुसरीकडं फेरतपासल्या, आणि त्यांतल्या किती जुळल्या? ज्यांचे निकाल चुकले त्या रोग्यांना कुणी कळवलं का, का ते अजून चुकीच्याच कागदावर औषध घेताहेत? आणि सरकारशी तडजोड झालीच, तर तपासण्यांबद्दलचे कागद लोकांसमोर ठेवणार का नाही? इंग्रजी माझ्या सुनेनं तपासून दिलंय. चौघींपैकी दोघींनी सह्या केल्यात. राहिलेल्या दोघींच्या घरचे म्हणतात, कशाला कंपनीच्या डोळ्यांवर यायचं, भाव आणखी पडला तर?

सह्यांसाठी कागद माझ्याकडंच आहे. दुपारी तीननंतर मी घरी असते.